अनुभव धागा : सुईदोऱ्याचा नाताळ, सांगली-मिरजेकडचा

गणपती उठले की आमच्या मिरजेच्या भरतकामाच्या बैठकीत नाताळ सुरू होतो. मध्ये दिवाळी येते, फराळ आणि पाहुण्यांच्या गडबडीत सुई हातात येत नाही. डिसेंबरात काम काढलं तर ते पुरं होत नाही, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. दर शनिवारी दुपारी एकीच्या घरी सतरंजी घालून आम्ही बसतो. ख्रिस्ती, जैन, लिंगायत, मुसलमान, सगळ्या घरांतल्या बायका आहेत आणि झाडाला टांगायचा तारा प्रत्येकीनं एकदा तरी भरलाय.

या धाग्यात तुमचे अनुभव हवेत. सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, आष्टा, जत, कुठूनही लिहा. नाताळसाठी हातानं काय केलंत, कापड कुठलं घेतलंत, टाका कुणी शिकवला, वर्षानुवर्षं काय टिकलं आणि काय वाया गेलं. बाजारात तयार काय मिळतं त्यावर नको, ते सगळ्यांनाच माहीत आहे. सुरुवात मी करते.

मिरज, ब्राह्मणपुरी

झाडाला टांगलेली वस्तू फिरते. उशीच्या अभ्र्याची पाठ कुणी बघत नाही. पण दोऱ्याला लटकवलेला तारा नुसतं दार उघडलं तरी गरकन वळतो आणि पाठीवरच्या गाठी, इकडून तिकडं ओढलेले दोरे सगळे समोर येतात. यावर नेहमीचा उपाय म्हणजे मागं दुसरं कापड लावायचं, मध्ये थोडा कापूस भरायचा आणि कडेनं काज टाका घालायचा. पण आपल्याकडं बऱ्याच घरांत झाड म्हणजे कुंडीत रोवलेली सुरूची फांदी. सुरूच्या काड्या बारीक. कापूस भरलेले दोन तारे टांगले की काडी वाकून खालीच येते. म्हणजे तारा हलका हवा, एकेरी कापडाचा हवा आणि तरी दोन्हीकडून बघण्यासारखा हवा.

हा पेच सोडवला आमच्या जमखंडीच्या आजींनी. माहेर जमखंडी, सासर मिरज. दोन्ही पटवर्धनांची संस्थानं, त्यामुळं अशा सोयरिकी जुन्या काळी होतच. येताना त्यांनी कसुती आणली. धारवाड-विजापूरकडचं हे भरतकाम इरकली साडीवर, चंद्रकळेवर करतात. टाके चार : गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. कापडावर काही छापायचं नाही, उभे-आडवे धागे मोजत भरत जायचं, आणि गाठ कुठंच मारायची नाही. गवंतीत धावदोऱ्याप्रमाणं एक घर (मोजलेल्या धाग्यांएवढी जागा) भरत, एक घर सोडत पुढं जायचं आणि परतताना सुटलेली घरं भरत यायचं. पुरं झालं की सुलट कुठली आणि उलट कुठली ते सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी आजींनी माझं काम हातात घेतलं आणि पुढून न बघताच पालथं केलं. "पुढनं सगळ्यांचंच बरं असतंय. पाठ दाखव की," म्हणाल्या. मग अख्खी दुपार शेजारी बसून त्यांनी एकच गोष्ट शिकवली : फाटा कसा घ्यायचा. आठ टोकांच्या ताऱ्यात मधल्या रेघेवरून जाताना फाटा आला की वळायचं, टोकापर्यंत जायचं, त्याच फाट्यातली सुटलेली घरं भरत परत मधल्या रेघेवर यायचं आणि मगच पुढं. मधली रेघ मात्र शेवटी, परतीलाच पुरी होते. सुरुवातीला दोऱ्याचं शेपूट मोकळं ठेवायचं आणि ते नंतर टाक्यांखाली दडवायचं. आजी मधूनमधून कानडीत आकडे म्हणत होत्या, ओंदु, येरडु, मूरु, आणि त्यांच्या अंगठ्याचं नख मॅटीच्या, म्हणजे मोजता येतील अशा चौकटींच्या सुती कापडाच्या, घरांवरून सरकत होतं. आता मीही तशीच नखानं मोजते.

आमचं सामान एवढंच : पांढरी मॅटी, अँकरच्या सहापदरी लाल दोऱ्यातले दोन पदर आणि बोथट टोकाची सुई. कडेनं बारीक काज टाका घालून चौकोन कापला की अस्तर लागत नाही. तुळशी वृंदावन, दीपमाळ हे कसुतीतले जुने नमुनेही आम्ही झाडाला टांगतो. दीपमाळ तर सुरूच्या हिरव्यावर इतकी शोभते की ती नाताळसाठीच काढली असावी असं वाटतं.

वानलेसवाडी

आम्ही ख्रिस्ती. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, त्यांच्याच नावावरून आमची वाडी. माझी आजी परिचारिका होती. ड्यूटी संपली की भरतकामाची रिंग मांडीवर घेऊन बसायची असं आई सांगते. तिनं केलेला गव्हाणीचा देखावा अजून आमच्या घरी दर नाताळला लागतो, त्याविषयी लिहिते.

सगळी पात्रं कापडाची, वीतभर उंचीची. मरिया, योसेफ, बाळ आणि पूर्वेकडचे ज्ञानी लोक चित्रात असतात तसेच आहेत. पण मेंढपाळ आजीनं आपल्याकडचे केले. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. घोंगडी म्हणजे खऱ्याच जुन्या घोंगडीचा तुकडा, त्याला हात लावला तर अजून टोचतो. आणि मेंढरं माडग्याळची! जत तालुक्यातली ही जात ज्यांनी पाहिलीय त्यांना तिचं फुगीर, बाकदार नाक आणि पांढऱ्या अंगावरचे तपकिरी डाग माहीत असतील. आजीनं नाकाचा तो बाक कापड बेततानाच काढून घेतलाय, आणि अंगावरची लोकर सगळी गाठीच्या टाक्यांची आहे. सुईला दोऱ्याचे दोन वेढे देऊन टाका ओढायचा, शेजारी लगेच दुसरा. पांढऱ्या गाठी दोन वेढ्यांच्या आणि तपकिरी डागांवरच्या एका वेढ्याच्या, त्यामुळं डाग किंचित खोल दिसतात. लहानपणी मी त्या मेंढरांवरून बोट फिरवत बसायची, आता माझी नात बसते.

गव्हाणीतला कडबा भरायला आजीनं पांढरा सुती दोरा आपल्या सांगलीच्या हळदीत रंगवला होता. हळदीचा रंग उजेडानं विटतो, आणि त्याला साबण लागला की लाल पडतो. म्हणून देखावा फक्त नाताळच्या दिवसांत बाहेर काढायचा, एरवी काळ्या कापडात गुंडाळून ठेवायचा, आणि कडबा भरलेलं कापड साबणानं धुवायचं नाही, असा घरचा नियमच आहे. रंग फार उतरला की आई नव्या दोऱ्यानं कडबा पुन्हा भरायची. ते काम आता माझ्याकडं आहे. पक्क्या रंगाचा पिवळा दोरा दुकानात मिळतो, मुलं तोच वापर म्हणतात. मी हळदीचाच घेते. तो पिवळा कुठल्याच लडीत नाही.

बैठकीतल्या सगळ्यांना सांगते, नाताळच्या आठवड्यात येऊन बघून जा. करंज्या आहेतच.

सांगली, गावभाग

वर विचारलंय काय टिकलं, म्हणून लिहिते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा गावभागात शिरली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. शेजारच्या ख्रिस्ती ताई आणि मी मिळून केलेल्या सजावटीची पेटी त्यांच्या तळमजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ काढता काढता ती सापडली.

पुठ्ठा घालून केलेलं सगळं गेलं. जरीचा दोरा काळा पडला. रेशमी लाल दोऱ्यानं शेजारचं पांढरं कापड गुलाबी केलं. पण मांजरपाटावर सुती दोऱ्यानं भरलेलं जवळजवळ सगळं वाचलं, कारण गाळ वाळायच्या आत आम्ही ते पाण्यात घातलं. गाळ एकदा वाळला की धाग्यात जाऊन बसतो. आधी नुसतं पाणी, चोळायचं नाही, फक्त बदलत राहायचं. मग रिठ्याचं पाणी. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत पालथं वाळवायचं. इस्त्रीही टर्किश टॉवेलवर पालथं ठेवूनच, म्हणजे भरलेले टाके चपटे होत नाहीत.

एका देवदूताच्या पांढऱ्या झग्यावर गाळाची आडवी रेघ राहिली ती राहिलीच. ताईंनी त्या रेघेवरूनच तपकिरी दोऱ्यानं देठाचा टाका घातला. आता ती झग्याची किनार आहे.

त्या वर्षापासून पुठ्ठा बंद. कडकपणासाठी आत जाड कॅनव्हास घालतो. आणि पेटी माझ्याकडं, वरच्या मजल्यावर.

विश्रामबाग

मी ब्लाउज शिवतो. या धाग्यात पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? आमच्याकडं खणाच्या कतरणी पोत्यानं निघतात. बैठकीतल्या एक काकू त्या घेऊन जायच्या आणि डिसेंबरात त्याचेच तारे, घंटा करून आणायच्या. हिरव्या खणाला लाल काठ, नाताळचे दोन्ही रंग आयतेच. एकच सांगतो : खण कडेनं फार उसवतो. कापायच्या आधी मागून फ्यूजिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) ठेवून इस्त्री मारा आणि मगच आकार कापा. मोठ्या कतरणी मी आता वेगळ्या काढून ठेवतो. ज्यांना पाहिजेत त्यांनी न्याव्यात, पैसे नकोत.

तासगाव

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुला-मुलींकडून पॉइन्सेटिया भरून घेतला. हे झाड मूळ मेक्सिकोचं, पण डिसेंबरात आपल्या अंगणांतही लालभडक होतं. मुलांना आधी झाडापाशी नेलं आणि फूल कुठं आहे ते दाखवा म्हटलं. सगळ्यांनी लाल भागावर बोट ठेवलं. ती पानं आहेत. फुलं म्हणजे मध्ये दाटीनं असणारे पिवळे-हिरवे बारके दाणे. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की नमुना वेगळा शिकवावा लागत नाही : पानाला मधली शीर असते म्हणून दोन्ही बाजूंनी शिरेकडं येणारा माशाच्या काट्याचा टाका, आणि मध्ये पिवळ्या गाठी. नववीतल्या मुलांनी गाठी मुलींपेक्षा एकसारख्या भरल्या, हे मुद्दाम नोंदवते, कारण "पोरांना काय सुई देताय" असं मला आधी ऐकवलं गेलं होतं.

सांगली, शंभर फुटी रोड

विक्रीविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमचे तारे एका दुकानात दाखवायला नेले, तर शंभरला सहा द्या म्हणाले. एक तारा पुरा व्हायला दोन संध्याकाळी जातात. विकण्याला माझा विरोध नाही, घरात चार पैसे येत असतील तर जरूर यावेत. पण दोरा-कापडाचा खर्च मोजायचा आणि बसलेले तास मोजायचे नाहीत, हे मला अजिबात मान्य नाही. आता आम्ही ओळखीतल्याच मागण्या घेतो, भाव आधी सांगतो आणि पुरं व्हायला वेळ लागेल हेही आधीच सांगतो. लोक थांबतात. गेल्या खेपेला एका घरानं नव्या बाळासाठी नाव आणि साल भरलेला तारा सांगितला, आणि घ्यायला आजोबा स्वतः आले. पालथा करून पाठ बघितली, मग पैसे काढले. अशी गिऱ्हाइकं हवीत.

जत

माडग्याळच्या मेंढरांचं वाचून फार बरं वाटलं, आमच्या दारातली आहेत ती. एक विचारायचं होतं. इथं मॅटी मिळत नाही आणि शिकवणारंही कुणी नाही. साध्या सुती कापडावर गवंती होईल का?

मिरज, ब्राह्मणपुरी

होईल. साध्या कापडाचे धागे डोळ्यांना मोजता येत नाहीत, म्हणून भरतकामाच्या दुकानात सुटी जाळी मिळते ती कापडावर टाचून घ्या. जाळीची घरं मोजत भरा, आणि पुरं झाल्यावर जाळीचे धागे एकेक करून ओढून काढा. नमुना खालच्या कापडावर राहतो. दोन गोष्टी सांभाळा. मॅटीला बोथट सुई चालते, इथं मात्र टोकदार घ्या, कारण खालचं कापड भोसकायचं असतं. आणि टाका थोडा घट्ट ओढा, नाहीतर जाळी काढल्यावर तो सैल पडतो. कापड आधी धुऊन आटवून घ्या. लाल दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग उतरतो का तेही बघून घ्या.

आणि एखाद्या शनिवारी एसटीनं मिरजेला येणं जमलं तर या. दुपारी दीडपर्यंत पोचलात तर आजी भेटतील, चारनंतर उजेड कमी झाला की त्या सुई ठेवून देतात. चष्मा आणि बारीक कात्री आणा, बाकी सामान इथं आहे.