मदत हवी आहे : एका सातबाऱ्याचे तीन कसे करायचे? (आडगाव, नाशिक)

बांधावरचा
नमस्कार. वैतागून लिहितोय, लवकर उत्तर मिळालं तर फार बरं होईल. आडगाव शिवारात आमची वडिलोपार्जित 31 आर (जवळपास तेवढेच गुंठे) जमीन आहे. आम्ही तिघं भाऊ, भांडण अजिबात नाही. कोणी कुठला तुकडा घ्यायचा हे बांधावर उभं राहून ठरलंय, खुणेचे दगडसुद्धा रोवलेत. मला माझ्या हिश्श्यात घर बांधायचंय. बँक म्हणते तुमच्या नावाचा स्वतंत्र उतारा आणि मंजूर नकाशा आणा. तलाठ्याकडे गेलो तर मोजणी करून आणा. मोजणीला गेलो तर आदेश आणा. कसला आदेश, कुणाचा, हे कोणी सांगेना. चार खेपा झाल्या. कर्जाच्या मंजुरीची मुदत या महिनाअखेर संपते. नेमकं कुठे जायचं?

सातपूरकर
एवढं काय अवघड आहे? महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करा. दिंडोरी तालुक्यात आमच्या चुलत्यांची वाटणी तशीच झाली. सगळ्यांची संमती, जबाब, आदेश, मग पोटहिस्सा मोजणी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची वेगळी मोजणी. तुम्हाला जो आदेश मागताहेत तो हाच.

द्राक्षबाग
तहसीलची पायरी कशाला चढता? स्टँप पेपरवर वाटणीपत्र लिहा, नोटरी करा, विषय संपला. आम्ही वीस वर्षं त्यावरच कसतोय.

जुना मोजणीदार
द्राक्षबाग, कसायला कोणाची ना नाही. पण त्या कागदावर बँक एक रुपया देणार नाही आणि फेरफारही (उताऱ्यावर हक्क बदलाची नोंद) होणार नाही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. वाटणीपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं.

बांधावरचा, आता तुम्ही सांगा. जमीन महापालिका हद्दीत आहे का? झोन कुठला? सातबाऱ्यावर नावं कोणाची? भूधारणा वर्ग 1 (विकायला सरकारी परवानगी लागत नाही ती) की 2 (लागते ती)? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

गोदाकाठ
डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो, तलाठ्याकडे जायची गरजच नाही. मी कालच काढला.

बांधावरचा
उतारा माझ्याकडे आहे हो, प्रश्न तो नाही. हद्द महापालिकेची. वर्ग 1. झोन माहीत नाही, आजूबाजूला बंगले झालेत म्हणजे यलोच (रहिवासी) असणार. सातबाऱ्यावर मोठ्या भावाचं नाव आहे, पुढे ए.कु.मॅ. असं लिहिलंय.

सातपूरकर
मग 85 च.

जुना मोजणीदार
ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. याचा अर्थ तुमचं नाव उताऱ्यावर नाहीच. तुम्ही आधी हे सांगायला हवं होतं, कारण गाडी इथेच अडलीय. ती नोंद कमी करून सगळ्या वारसांची नावं चढवा. ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर दोन्हीचे अर्ज होतात. त्याआधी वाटप, मोजणी काही पुढे सरकणार नाही.

पंचवटीची लेक
सगळे वारस म्हणजे कोण? बहीण आहे का? आई आहेत का?

द्राक्षबाग
सातपूरकर, 85 ने काय होणार? 31 चे तीन म्हणजे दहा-दहा. 2023 पासून जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे प्रमाणभूत क्षेत्र आहे, त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही. जिरायत असेल तर तुकडेबंदी लागणार. म्हणून म्हणतो नोटरी.

जुना मोजणीदार
ते शेतीसाठी. महापालिका हद्दीत तुकडेबंदीच्या कलम 8ब ची सूट आहे, पण घर बांधायचं तर लहान तुकडा नियोजन प्राधिकरणाने (इथे महापालिकेने) मंजूर केलेल्या रेखांकनातूनच, म्हणजे लेआउटमधूनच, पडलेला असावा. म्हणून यांचा रस्ता महापालिकेच्या नगररचना विभागातून जातो. आधी झोन दाखला आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला तुमच्या जमिनीपुरता भाग) काढा. बंगले दिसतात म्हणून यलो धरू नका, डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, शेतातून जात असेल तर तेही भाग नकाशातच कळेल. मग आर्किटेक्टकडून लेआउट सादर करायचा. तो तात्पुरता मंजूर झाला की भूमी अभिलेखची मोजणी, जागेवर प्लॉट आखून हद्दी कायम. मग अंतिम मंजुरी. त्यावरून कमी-जास्त पत्रक (जुन्या क्षेत्राचे नवे भाग नोंदवणारा तक्ता) होतं आणि तेव्हा कुठे सातबारे फुटतात. तुम्हाला मोजणीवाल्यांनी परत पाठवलं त्यात त्यांची चूक नव्हती, फक्त नीट सांगितलं नाही.

सातपूरकर
म्हणजे तिघांची शेती तरी बिल्डरसारखा लेआउट? दहा टक्के ओपन स्पेस सोडायची?

जुना मोजणीदार
नाही. ती 4000 चौरस मीटरपासून पुढे. 31 आर म्हणजे 3100. मात्र मूळ गटच एवढा हवा, मोठ्या गटातून परस्पर तोडलेला असेल तर ते धरतात. आतला रस्ता सोडावाच लागेल, त्यामुळे प्रत्येकाचे दहा आर राहणार नाहीत. ज्याचा तुकडा मागे आहे त्याला पोचायला वाट कुठून, हे दगड रोवताना पाहिलंत का?

नवा सभासद
माफ करा, मध्येच विचारतो. त्र्यंबक रोडला एक गुंठ्याचा प्लॉट घ्यावा का? मालक म्हणतो सातबाऱ्यावर नाव लावून देतो.

पंचवटीची लेक
नका घेऊ. मंजूर लेआउटचा नंबर मागा, देत नसतील तर परत या.

आणि बांधावरचा, माझा प्रश्न तसाच राहिला.

गोदाकाठ
आडगावला सिंहस्थाच्या कामांमध्ये रस्तारुंदीकरणात जमिनी जाणार का, कोणाला काही माहिती?

बांधावरचा
आई आहे. बहीण आहे, निफाडला दिली. तिचं लग्न 1998 ला झालं, खर्च आम्हीच केला. वडील 2003 साली गेले. ती काही मागत नाही, म्हणून लिहिलं नाही.

पंचवटीची लेक
दादा, मागत नाही आणि हक्क नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून सहदायाद आहे, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकीच हक्कदार. वडील त्याआधी वारले तरी तिचा हक्क जात नाही, सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला ते स्पष्ट केलंय. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदलेली किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी असेल तर वेगळं. तुमच्याकडे तर फक्त दगड आहेत. माझ्या माहेरी मला न विचारता लेआउट टाकला होता. वारसनोंदीची नोटीस आली तेव्हा कळलं. मी हक्क सोडणारच होते, पण त्या दिवशी सोडला नाही.

द्राक्षबाग
बहिणीने हक्कसोडपत्र दिलं की झालं. कशाला घाबरवता त्यांना?

पंचवटीची लेक
दिलं तर झालं. आधी विचारायला तर हवं ना?

जुना मोजणीदार
ताई बरोबर बोलताहेत. आईचाही हिस्सा असतो हे विसरू नका. लेआउटच्या अर्जावर उताऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या लागतात. बँकेला आजच पत्र देऊन मुदत वाढवून मागा, हे महिनाअखेर होणारं काम नाही.

बांधावरचा
तीन दिवसांनी लिहितोय. बँकेत अर्ज दिला. झोन दाखल्याचे पैसे भरले. मागचा तुकडा माझाच आहे आणि वाट मोठ्या भावाच्या गोठ्यातून जाते, ते नकाशावर आखून बघितल्यावर लक्षात आलं. काल निफाडला जाऊन आलो. अक्का म्हणाली, सही करीन, पण आधी तिघांनी मिळून नकाशा घेऊन या, आणि विहीर कोणाच्या प्लॉटमध्ये पडते ते मला दाखवा. विहीर सामाईक ठेवायची असेल तर लेआउटमध्ये कशी दाखवतात?

जुना मोजणीदार
विहिरीपासून रस्त्याची हद्द किती अंतरावर आहे? आणि वीजजोडणी कोणाच्या नावावर?