माइनस्वीपर आणि माइनहंटर: दोघांनाही 'सुरुंगनाशक' म्हणावं का?

विचारणा
आरमारावरच्या एका लेखाचं मराठी करतोय. त्यात 'माइनस्वीपर' आणि 'माइनहंटर' हे शब्द एकाच परिच्छेदात येतात. मराठीत दोन्हींसाठी 'सुरुंगनाशक नौका' वाचलंय. एकाच शब्दावर भागेल का?

प्रतिसाद
नाही भागणार. सुरुंग नाहीसे करणं हा दोघींचा हेतू एकच, पण रीत इतकी वेगळी की जहाजाची बांधणीच बदलते.

स्वीपर सुरुंग पाहत नाही. ती मागे लांब तार ओढत जाते. तारेवरच्या कात्र्या तळाशी नांगरलेल्या सुरुंगाचा दोर कापतात, सुरुंग वर येतो आणि तो गोळ्या घालून निकामी करतात. जहाजाच्या चुंबकत्वावर किंवा आवाजावर फुटणाऱ्या सुरुंगांसाठी ती विजेची केबल आणि गोंगाट करणारं यंत्र ओढते, म्हणजे मोठं जहाज आल्याचा भास होऊन सुरुंग फुटतो. 'सुरुंग झाडणे' हा प्रयोग इथे चपखल आहे.

पण काही सुरुंगांत मोजणी असते. वरून ठरावीक संख्येनं जहाजं जाईपर्यंत ते गप्प राहतात. पाच वेळा झाडलेल्या मार्गावर सहावं जहाज उडू शकतं. म्हणून हंटर आली. सुरुंग कशानं फुटतो याच्याशी तिला कर्तव्य नसतं, तळावर ती वस्तू आहे की नाही एवढंच ती बघते.

तिचं काम फार संथ. सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र, पुढचा तळ न्याहाळतो. पडद्यावर एखादा ठिपका दिसतो आणि त्यामागे ध्वनीची सावली पडते. सावलीच्या आकारावरून तर्क बांधायचा: खडक, जुनं पिंप, की सुरुंग? तोवर जहाज वाऱ्या-प्रवाहात एका जागी तोलून धरायचं. ब्रिटिश सँडाउन वर्गाच्या हंटर जहाजांत यासाठी उभ्या पात्यांचे, कोणत्याही दिशेला जोर लावू शकणारे प्रॉपेलर आहेत आणि शोधाच्या वेळी ते विजेच्या मोटरवर चालतात. मग कॅमेरा लावलेलं छोटं पाणवाहन किंवा पाणबुड्या खाली जातो. फ्रेंच 'पाप १०४' हे वाहन सुमारे १०० किलोचा स्फोटक भार सुरुंगाशेजारी ठेवून परत येतं, मग स्फोट करतात. जर्मन 'सीफॉक्स' सुरुंगासोबत स्वतःही फुटतं.

कवचही याच हिशेबानं. लोखंडी जहाज चुंबकीय सुरुंगाला जागं करतं, म्हणून पूर्वी लाकूड वापरत आणि पुढे काचतंतूचं प्लास्टिक आलं. १९७३ साली ब्रिटिश आरमारात दाखल झालेलं 'विल्टन' हे अशा प्लास्टिकचं पहिलं लढाऊ जहाज. जर्मनांनी मात्र चुंबकत्व न धरणारं पोलाद पसंत केलं. यंत्रांचा आवाज पाण्यात उतरू नये म्हणून ती धक्का शोषणाऱ्या बैठकीवर बसवतात.

माझं मत: हंटरला 'सुरुंगशोधक नौका', स्वीपरला 'सुरुंग झाडणारी नौका'. 'सुरुंगनाशक' दोन्हींना कवेत घेणारा शब्द म्हणून ठेवा.

पुन्हा विचारणा
'सुरुंगशिकारी' का नको? आणि नुसतं 'सुरुंग' म्हटलं तर वाचक जमिनीवरचा समजेल ना?

प्रतिसाद
'शिकारी'त पाठलागाचा वेग आहे, इथे सगळा धीर. शिवाय शोधलेल्या वस्तूंपैकी बहुतेक सुरुंग नसतातच.

दुसरा मुद्दा रास्त आहे. पहिल्या उल्लेखाला 'पाणसुरुंग' लिहा, नंतर संदर्भ पुरतो. सुरुंग म्हणजे मुळात भुयार. वेढ्यात बुरुजाखाली भुयार खणून दारू ठासत, त्यावरून स्फोटाला आणि मग स्फोटकालाही तेच नाव पडलं. 'पेरणे' हे क्रियापद वापरा. 'सुरुंग लावणे'मध्ये कुणाचा बेत उधळण्याचा अर्थ डोकावतो.

भाषांतरातला एक धोकाही सांगून ठेवतो. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन मजकुरात 'टॉर्पेडो' आला तर थांबा. १८६४ साली अमेरिकेतल्या 'मोबाईल' नावाच्या उपसागरात 'टेकम्से' हे चिलखती जहाज ज्या 'टॉर्पेडो'नं बुडालं, तो नांगरलेला पाणसुरुंग होता. तिथे पाण्यातून धावणारं अस्त्र लिहिलंत तर लढाईचं चित्रच चुकतं.

तिसरी विचारणा
लेखाच्या शेवटी बेल्जियम-नेदरलँड्सची नवी जहाजं आहेत. ती सुरुंगक्षेत्रात शिरतच नाहीत. त्यांनाही सुरुंगशोधक म्हणू?

प्रतिसाद
२०१९ च्या करारातली ती बारा जहाजं ८० मीटरहून लांब आणि पोलादी आहेत. धोक्याबाहेर उभं राहून ती माणसाविना चालणाऱ्या बोटी आणि पाणवाहनं आत धाडतात. शोधणारी ती वाहनं, जहाज त्यांना नेणारं, सोडणारं, परत घेणारं. जहाजाला 'मातृनौका' म्हणा आणि 'सुरुंगशोधक' हे विशेषण वाहनांकडे द्या. मात्र तळाच्या चिखलात रुतलेले सुरुंग सोनारला सहसा दिसत नाहीत, तिथे झाडणंच उपयोगी पडतं. तेव्हा लेखात 'स्वीप' दिसला तर जुना शब्द समजून गाळू नका.