मदत हवी आहे: तळ्यात कड्यावरून उडी मारण्याआधी काय तपासावं?

आम्ही मित्रमंडळी डोंगरातल्या एका तळ्यावर पोहायला जाणार आहोत. पोहता सगळ्यांना येतं, काळजी आहे ती कड्यावरून उडी मारण्याची. 10 मीटरवरून उडी घेतली तर पाण्यावर आदळताना वेग ताशी 50 किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणून 3 मीटरच्या वर कुणी जायचं नाही असं ठरवलंय. पण तेवढ्या उडीसाठी खाली खोली किती हवी, आणि ती मोजायची कशी? नितळ पाण्यात तळ असतो त्यापेक्षा वर दिसतो, त्यामुळे नुसत्या नजरेवर भरवसा ठेवायचा नाहीये. गॉगल लावून आधी बुडी मारून खडक बघणं पुरेसं आहे का? शिवाय बर्फ वितळून आलेल्या गार पाण्यात पडताक्षणी धाप लागते, त्याची तयारी कशी करावी? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगा.