वक्र गेटवरचं उभं बल: तिथे नसलेल्या पाण्याचं वजन का धरायचं? मदत हवी आहे

फ्लुइड मेकॅनिक्स करतोय, सपाट प्लेटपर्यंत गाडी नीट चालली होती. उभी आयताकृती प्लेट, वरची कड पाण्याच्या लेव्हलला, एकूण बल म्हणजे सेंट्रॉइडपाशी (क्षेत्रफळाच्या मध्यबिंदूपाशी) असलेला दाब गुणिले क्षेत्रफळ, आणि दाब खाली वाढत जातो म्हणून ते बल लागतं खोलीच्या दोन तृतीयांशावर. हे पटतं.

अडलंय वक्र गेटपाशी. पाव वर्तुळाचं गेट, त्रिज्या २ मीटर, रुंदी ३ मीटर, वर्तुळाचं केंद्र पाण्याच्या लेव्हललाच पण कोरड्या बाजूला, म्हणजे फुगवटा पाण्याकडे. आडवं बल आलं, उभं प्रोजेक्शन (समोरून दिसणारं सपाट क्षेत्रफळ) ६ चौरस मीटर, सेंट्रॉइड १ मीटर खोल, पाण्याचं वजन घनमीटरला ९.८१ किलोन्यूटन, म्हणून ९.८१ × १ × ६ = ५८.८६ किलोन्यूटन. उभ्या बलाला मात्र म्हणतात गेटच्या वर लेव्हलपर्यंत जेवढं पाणी मावेल त्याचं वजन घ्या, ९२.४६ किलोन्यूटन, दिशा वर. अहो पण तिथे पाणीच नाहीये, नुसती हवा आहे! मग वजन कुणाचं? सूत्र पाठ आहे, कारण हवंय.

प्रतिसाद:
एखाद्या बिंदूवरचा दाब फक्त खोलीवर ठरतो, डोक्यावर पाणी आहे की हवा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आता कोरड्या बाजूलाही त्याच लेव्हलपर्यंत पाणी भरलंय असं समजा. गेटच्या दोन्ही अंगांना प्रत्येक बिंदूवर सारखाच दाब, त्यामुळे सगळं कॅन्सल. आतलं, म्हणजे कोरड्या बाजूचं, पाणी गेटला ९२.४६ ने खाली दाबणार हे तर तुम्हाला मान्य आहे ना, मग बाहेरचं तेवढंच वर ढकलत असणार, नाहीतर कॅन्सल होईल कसं? आतलं पाणी काढून टाका, बाहेरच्याला काही फरक पडत नाही. काल्पनिक पाणी हा फक्त हिशेबाचा जुगाड आहे, नाहीतर इंटिग्रेशन करत बसा, उत्तर तेच येतं.

धागाकर्ता:
आत्ता कुठे डोक्यात शिरलं! रिझल्टंट (दोन्ही बलं मिळून एकच बल) १०९.६ आला, आडव्याशी साधारण ५७.५ अंश. तो नक्की कुठून जातो?

प्रतिसाद:
केंद्रातूनच. दाब पृष्ठभागाला काटकोनात लागतो आणि वर्तुळावरचा प्रत्येक लंब केंद्राकडेच जातो. ताळा करून बघा, प्रत्येक बल गुणिले त्याचं केंद्रापासूनचं अंतर: ५८.८६ × १.३३३ आणि ९२.४६ × ०.८४९, दोन्ही ७८.५ च्या आसपास, दिशा उलट, म्हणजे केंद्राभोवती मोमेंट (फिरवणारा जोर) शून्य. धरणाच्या रेडियल गेटची (बिजागरीभोवती फिरणाऱ्या वक्र गेटची) बिजागरी म्हणूनच साधारण वक्रतेच्या केंद्राशी ठेवतात, उचलताना मुख्यतः गेटचं वजन आणि घर्षण एवढंच पेलायचं राहतं. सपाट गेटला ही सोय नाही, तिथे सेंटर ऑफ प्रेशर (एकूण बल जिथे लागतं तो बिंदू) काढूनच मोमेंट घ्यावा लागतो.