मदत हवी आहे: संदर्भसूचीत शके आणि टोपणनाव कसं लिहायचं?
नमस्कार मंडळी. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी निबंधांवर पीएचडीचा प्रबंध लिहितेय. मार्गदर्शकांनी एमएलए या संदर्भ लिहिण्याच्या पद्धतीच्या हँडबुकची 2021 ची नववी आवृत्ती वापरायला सांगितलीय.

अडलंय ते जुन्या पुस्तकांपाशी. आतल्या पानावर नुसतं 'शके 1805' छापलेलं. 78 मिळवले की 1883 येतं, पण वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणजे पुस्तक माघ-फाल्गुनातलं असेल तर 1884. महिना दिलेलाच नाही. मग '1883-84' लिहू का? मूळ शक गाळायला मात्र मन धजत नाही, पुस्तकावर तोच आहे ना!

शिवाय लोकहितवादींची नोंद 'ल'खाली करायची, की 'देशमुख, गोपाळ हरी' म्हणून 'द'खाली?

कुणी असा प्रबंध सादर केला असेल तर आपल्या सूचीतली एखादी नोंद जशीच्या तशी दाखवाल का? मसुदा महिनाअखेर द्यायचाय.