मदत हवी आहे: पुटीमध्ये एफ१ ते एफ४ ओळखले जात नाहीत

नमस्कार मंडळी,

आमच्या ऑफिसचा हिशेबाचा जुना प्रोग्रॅम लिनक्स सर्व्हरवर आहे. सगळे जण विंडोजवरून पुटीने (सर्व्हरशी जोडून देणारा टर्मिनल प्रोग्रॅम) त्यात लॉगिन करतात. व्हाउचर सेव्ह करायला एफ२ दाबलं की सेव्ह होण्याऐवजी रकान्यात १२~ उमटतं. एफ५ पासून पुढची बटणं मात्र व्यवस्थित चालतात.

थोडं खोदून पाहिलं. शेलमध्ये (कमांड टाइप करतो तिथे) कंट्रोल-व्ही दाबून मग एफ२ दाबलं की बटणाचा कोड दिसतो; तिथे पुटी एस्केपनंतर [१२~ पाठवतं. सर्व्हरवर टर्मची (टर्मिनलचा प्रकार सांगणारं व्हेरिएबल) किंमत एक्सटर्म आहे आणि इन्फोसीएमपीनुसार (टर्मिनलची नोंद दाखवणारी कमांड) त्याला एफ२साठी एस्केपनंतर ओक्यू हवं असतं. एफ५ला दोन्हीकडे [१५~ आहे, म्हणून ते चालतं. इथवर उलगडा झाला.

आता दोन वाटा दिसतात. पुटीच्या कीबोर्ड पानावर 'एक्सटर्म आर६' निवडायचं, म्हणजे पुटी सर्व्हरला हवा तो कोड पाठवेल; किंवा कनेक्शनच्या डेटा पानावर टर्मिनलचं नाव 'पुटी' द्यायचं, म्हणजे सर्व्हर पुटीचेच कोड ओळखेल. आमच्याकडे १४ मशीन आहेत आणि सेशन प्रत्येक युजरच्या रजिस्ट्रीत साठतं, त्यामुळे एकदाच नीट करायचं आहे. जुन्या सर्व्हरवर 'पुटी'ची टर्मिन्फो (टर्मिनलांच्या माहितीचा साठा) नोंद नसेल तर दुसरी वाट बंदच. तुम्ही कोणती निवडली असती?

आणखी एक, आणि हे जास्त छळतं: काही स्क्रीनवर उजवीकडच्या नंबरपॅडवरून आकडे टाकले की अक्षरं येतात. पुटीच्या फीचर्स पानावर अ‍ॅप्लिकेशन कीपॅड मोड (नंबरपॅडवरून आकड्यांऐवजी वेगळे कोड पाठवण्याची सोय) बंद केल्यावर हे थांबलं. त्याने पुढे दुसरं काही बिघडतं का? आमच्या लेखापाल ताई दिवसभर नंबरपॅडवरच काम करतात, त्यांचा हात अडायला नको.