पालमपूर, सोलन की डेहराडून? इंदूरहून सहकुटुंब डोंगराळ गावी स्थायिक होण्याविषयी सल्ला हवा आहे

लोकमान्यनगरची सून

नमस्कार. आमचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या इंदूरचे आहे. आता मात्र पुढील वर्षी एखाद्या थंड हवेच्या गावी कायमचे राहायला जावे असा विचार घरात पक्का होत आला आहे. यजमानांचे काम संगणकावरचे असून कंपनीने त्यांना कायम घरून काम करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे नोकरीचा प्रश्न नाही. मुलगा सातवीत आहे, मुलगी दुसरीत. सासूबाईंना दमा आहे आणि गुडघ्यांचाही त्रास आहे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा धूर आणि मे महिन्यातील उन्हाळा हे दोन्ही त्यांना सोसत नाहीत. आपले शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिले येते याचा अभिमान आम्हालाही आहे, पण रस्ता स्वच्छ असणे आणि हवा स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आम्ही तीन गावांचा विचार केला आहे: हिमाचलमधील पालमपूर आणि सोलन, आणि उत्तराखंडातील डेहराडून. पालमपूर आम्ही पाहिले आहे. चहाचे मळे आणि मागे उभी असलेली धौलाधारची रांग पाहून मुले तिथून निघायला तयार नव्हती. सोलन चंदीगडच्या जवळ आहे म्हणून यजमानांना पसंत आहे. डेहराडूनचे नाव दिरांनी सुचवले, कारण तिथे मोठी रुग्णालये आणि शाळा आहेत. राजेंद्रनगरमधील सध्याचे घर विकून तिकडे घर घ्यावे, की आधी भाड्याने राहावे, हेही ठरत नाही. पर्यटक म्हणून गेलेल्यांपेक्षा तिथे चारही ऋतू काढलेल्यांनी सांगितले, तर अधिक उपयोग होईल.

सोलनवासी

ताई, माझे माहेर इंदूरचे आहे आणि लग्नापासून मी सोलनमध्ये राहते. सर्वांत आधी हे सांगते की राजेंद्रनगरचे घर इतक्यात विकू नका. हिमाचलमध्ये १९७२ च्या कूळ व जमीनसुधारणा कायद्याचे ११८ वे कलम आहे. जो हिमाचलातील शेतकरी नाही, त्याला त्यानुसार राज्य सरकारच्या परवानगीशिवाय तेथे जमीन घेता येत नाही. मध्य प्रदेशात आपली शेती असली तरी ती इथे उपयोगाची नाही. परवानगी मिळते, पण कागदपत्रे आणि फेऱ्या पुष्कळ होतात. ‘स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ, नंतर बघू’ असे सांगणारे दलाल तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, कारण असा व्यवहार उघडकीस आला तर जमीन सरकारजमा होते आणि पैसेही जातात. भाड्याने राहायला मात्र अडचण येत नाही. पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करावी लागते, इतकेच.

सोलनची उंची सुमारे १५०० मीटर आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते आणि इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे फरक सहा-सात अंशांचा धरावा. मे महिन्यात तो पुरेसा वाटतो. जानेवारीत मात्र घराला ऊन मिळते की नाही यावरच सगळे अवलंबून असते. इथे घर पाहायला गेल्यावर लोक खोल्या नंतर मोजतात, आधी ‘धूप किती वाजेपर्यंत असते’ हे विचारतात. उत्तरेकडच्या उतारावरचे घर उन्हाळ्यात फार सुखाचे वाटते, पण डिसेंबरमध्ये दुपारी दोनलाच डोंगराची सावली अंगणात येते आणि कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. म्हणून मेमध्ये घर पसंत करू नका. शक्य झाल्यास डिसेंबरच्या शेवटी येऊन पाहा.

दुसरी गोष्ट पाण्याची. जलूदहून उचललेली नर्मदा एक दिवसाआड येते म्हणून इंदुरात आपण कुरकुर करतो, पण डोंगरातील शहरांत पाणी याहूनही नाजूक असते, कारण नदी खाली दरीत आणि वस्ती वर माथ्यावर. सिमल्यात २०१८ च्या मे-जूनमध्ये पाण्यासाठी जे हाल झाले ते सर्वांनी वाचलेच असतील. सोलनमध्येही उन्हाळ्यात रोज पाणी येईल असे गृहीत धरू नये. छतावर किती लिटरची टाकी आहे आणि ती आपल्या एकट्यासाठी आहे की चार बिऱ्हाडांत मिळून, हे घरमालकाला स्पष्ट विचारावे.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी घर रस्त्याच्या पातळीवरच असले पाहिजे. इथल्या अनेक इमारतींत रस्त्यावरून आत शिरले की आपण सर्वांत वरच्या मजल्यावर असतो आणि बाकीचे मजले खाली उतारावर असतात. जाहिरातीत ‘तळमजला’ लिहिलेले असते, पण तिथे पोहोचायला पन्नास-साठ पायऱ्या उतराव्या लागतात, आणि गॅसचे सिलिंडरही त्याच पायऱ्यांवरून पाठीवर येते.

निवृत्त अभियंता, सुदामानगर

वरील सल्ला योग्य आहे. मी त्यात जमिनीविषयी थोडी भर घालतो, कारण नोकरीची बरीच वर्षे डोंगरातील रस्त्यांच्या कामात गेली.

कोणते गाव निवडावे यापेक्षा त्या गावातील कोणता उतार निवडावा हा प्रश्न मोठा आहे. घर पाहताना तीन गोष्टी बारकाईने पाहाव्यात. इमारत कातळावर आहे की कापलेल्या मातीच्या भरावावर, हे शेजारच्या एखाद्या उघड्या खोदकामात दिसते. मागच्या आधारभिंतीत पाणी बाहेर पडण्यासाठी ठेवलेली छिद्रे पावसात वाहत असली पाहिजेत. ती कोरडी आणि भिंत मात्र फुगलेली असेल, तर आत पाणी साठत आहे असे समजावे. आणि प्लास्टरवर जिन्यासारख्या तिरप्या भेगा ताज्या सिमेंटने बुजवलेल्या दिसल्या, तर पुढे काही न विचारता परत फिरावे. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठमध्ये ज्या घरांना भेगा गेल्या, ते गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेले आहे, हे १९७६ सालच्या मिश्रा समितीच्या अहवालातच नमूद होते. बांधकाम तरीही चालूच राहिले.

नाल्याच्या पात्रापासून, हिमाचलात ज्याला खड्ड म्हणतात त्यापासून, दूर राहावे. डेहराडूनमध्ये रिस्पना आणि बिंदाल या नद्या वर्षातील आठ महिने ओढ्यासारख्या दिसतात म्हणून त्यांच्या काठावर वस्ती झाली, परंतु पावसाळ्यात त्या आपली जागा परत मागतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या सहस्रधारा परिसरात ढगफुटीनंतरच्या पुराने जे घडले ते आठवावे. शिवाय डेहराडून हे डोंगरातील नव्हे, तर शिवालिक आणि मसुरी यांमधल्या खोऱ्यातील शहर आहे. तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. तुम्हाला उन्हाळा टाळायचा असेल, तर एवढ्या लांब जाऊन काय मिळवले, असे वाटेल.

पालमपूर सुंदर आहे, यात वाद नाही. मात्र ते कांगडा खोऱ्यात आहे. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपात त्या खोऱ्यात सुमारे वीस हजार माणसे दगावली. हिमालयात कुठेही गेलात तरी भूकंपाची शक्यता असतेच, म्हणून केवळ या कारणाने गाव सोडू नये. पण नंतर मजले चढवलेल्या, खाली दुकानांसाठी नुसत्या खांबांवर उभ्या असलेल्या इमारतीत घर घेऊ नये.

सातपुड्याचा प्रेमी

इतक्या दूर हिमालयात जायचे कशासाठी? आपल्या मध्य प्रदेशातच पचमढी आहे, उंची हजार मीटरच्या वर, धूपगड तर १३५२ मीटर. भाषा ओळखीची, राज्य तेच, मुलांच्या कागदपत्रांचाही घोळ नाही. माझे मत पचमढीला.

निवृत्त अभियंता, सुदामानगर

पचमढी मलाही प्रिय आहे, पण ते लष्करी छावणी मंडळाचे (कॅन्टोन्मेंट) गाव आहे आणि चहूबाजूंनी संरक्षित जंगल आहे. बाहेरच्याला घर मिळणे अवघड. पिपरिया स्थानक सुमारे पन्नास किलोमीटर खाली आहे आणि रात्री दम्याचा जोराचा झटका आला तर मोठे रुग्णालय त्याहूनही पुढे. सुट्टीला जावे, बिऱ्हाड करू नये.

वैद्यकीय व्यवसायातील एक सभासद

सासूबाईंची प्रकृती प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निश्चित सांगता येणार नाही, तरीही काही सर्वसाधारण गोष्टी लिहितो. १५०० मीटरपर्यंतच्या उंचीचा त्रास होण्याची भीती सहसा बाळगू नये. उंचीचा आजार बहुधा २५०० मीटरच्या वर होतो. घरातील धुळीतले सूक्ष्म किडे थंड, कोरड्या आणि उंच जागी कमी वाढतात, म्हणून काही दमेकऱ्यांना डोंगरात खरोखर बरे वाटते. पण ‘डोंगराची हवा म्हणजे औषध’ ही समजूत पूर्ण खरी नाही. हिवाळ्यात शेजारी लाकूड जाळतात, त्याचा धूर थंड हवेत खालीच साचून राहतो. उन्हाळ्यात चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलांना वणवे लागतात. आणि पालमपूर-धर्मशाळा पट्ट्यात धौलाधारला अडलेला पाऊस इतका पडतो की भिंतींना ओल येऊन बुरशी धरते, आणि दम्यासाठी बुरशी ही धुळीइतकीच वाईट. या एका कारणासाठी मी पालमपूरपेक्षा सोलनकडे झुकेन.

रुग्णालयाचा हिशेब अंतराने न करता पावसाळ्यातील वेळेने करावा. पालमपूरला टांडा येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. सोलनहून चंदीगडची पीजीआय ही मोठी सरकारी रुग्णालय-संस्था सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे आणि रस्ता चौपदरी आहे, पण हाच रस्ता २०२३ च्या ऑगस्टमध्ये परवाणूजवळ चक्की मोड येथे खचून बंद पडला होता. म्हणून रोजच्या उपचारासाठी गावातच छातीचा डॉक्टर हवा, आणि नेब्युलायझरसाठी (औषधाची वाफ देणाऱ्या यंत्रासाठी) घरात बॅटरीची सोय हवी, कारण वादळात वीज जातेच. तपासणी आत्ताच इंदुरात करून घ्या, जुने अहवाल सोबत ठेवा, आणि पहिल्या हिवाळ्यापूर्वी फ्लूची लस द्या.

लोकमान्यनगरची सून

सर्वांचे मनापासून आभार. अभियंता काकांचे उत्तर यजमानांना वाचून दाखवले. डेहराडूनचा विषय आमच्याकडे मागे पडला आहे. पालमपूरसाठी मुले हिरमुसली, पण बुरशीचे वाचल्यावर सासूबाईंनीच ‘सुट्टीत जाऊ’ असा निकाल दिला. आता सोलनमध्ये आधी भाड्याने राहण्याचा विचार आहे. एक शंका उरते. मुलगा सातवीत आहे. त्याची शाळा कोणत्या वर्षी बदलावी? आणि त्याला पुढे वैद्यकीय शाखेकडे जायचे झाल्यास राज्य बदलल्याचा तोटा होईल का?

शाळेतील बाई

तुमचा मुलगा सीबीएसईच्या शाळेत आहे असे धरून लिहिते. मंडळाकडे नावनोंदणी नववीत होते आणि पुन्हा अकरावीत. दहावीला किंवा बारावीला शाळा बदलायची तर पालकांची बदली, आजारपण अशी सबळ कारणे दाखवून मंडळाची संमती घ्यावी लागते. ‘घर हलवले’ हे घरून काम करणाऱ्याच्या बाबतीत सिद्ध करणे कटकटीचे होते. त्यामुळे आठवीच्या सुरुवातीला न्या, म्हणजे नववीच्या नोंदणीपूर्वी एक वर्ष तो तिथे रुळेल. ते जमले नाही तर दहावी इंदुरात पूर्ण करून अकरावीला न्यावे. मधले वर्ष टाळावे. मुलगी दुसरीत आहे, तिची चिंता नको.

वैद्यकीय प्रवेशाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या असतात, आणि त्यांसाठी प्रत्येक राज्य अधिवासाच्या किंवा तिथल्या शाळेत शिकल्याच्या अटी घालते. अर्धवट काळात राज्य बदलले तर मूल कधीकधी इकडचेही राहत नाही आणि तिकडचेही होत नाही. मध्य प्रदेशचा मूळनिवासी दाखला आताच काढून ठेवा, आणि हिमाचलच्या प्रवेशपुस्तिकेतील शालेय शिक्षणाची अट घर ठरवण्यापूर्वी वाचा. ती दरवर्षी थोडीफार बदलू शकते, म्हणून कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

सोलनवासी

बाईंनी लिहिल्याप्रमाणे आठवीला आणायचे असेल, तर एक व्यावहारिक अडचण लक्षात घ्या. इथल्या काही शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते तर काहींना हिवाळ्याची मोठी, आणि वर्ष कधी सुरू होते हे त्यावर ठरते. तुमच्या सीबीएसई शाळेचे वर्ष एप्रिलला सुरू होते का, हे फोन करून विचारा. प्रवेश मिळाला की मग घर शोधा, आणि तेही शाळेच्याच उतारावर, कारण पावसाळ्यात शाळेची बस वरच्या वळणापर्यंतच येते आणि पुढे पोरांना चालावे लागते. इंदूरची गाडी आणणार असाल तर आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र सोबत घ्या. बारा महिन्यांहून अधिक काळ राहायचे असल्यास नोंदणी इथे बदलावी लागते. डिसेंबरमध्ये घरे पाहायला येणार असाल तर आधी कळवा, दुपारी तीनला कोणत्या गल्लीत ऊन असते ते मी दाखवीन.